गुलमोहर ओसरल्यावर

रायपुरात झाडांवर सर्वांत जास्त रंग चढतो तो मे महिन्यात. सिव्हिल लाइन्सपासून शंकरनगरपर्यंत गुलमोहर पेटलेला असतो, बहावा पिवळी झुंबरं सोडून उभा असतो, कुंपणाकुंपणावरून बोगनवेल ओसंडत असते. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला असतो. आणि वर्षातली सर्वांत कमी फुलपाखरंही याच महिन्यात दिसतात. नवा कॅमेरा घेतलेला माणूस हौसेने बागेत जातो, फुलांचे ढीगभर फोटो काढतो आणि फुलपाखरं दिसत नाहीत म्हणून शहरातल्या धुराला बोल लावत घरी येतो. धूर आहेच, त्याच्याबद्दल पुढे सांगायचं आहे. पण मेमधल्या या शुकशुकाटाचं कारण साधं आहे. मोठी झाडं खोल मुळांच्या जोरावर भर उन्हात फुलू शकतात. फुलपाखराला आधी अळी व्हावं लागतं आणि अळीला कोवळं पान लागतं. ते पान पाऊस पडल्याखेरीज उगवत नाही. बहाव्याच्या नव्या पालवीभोवती घुटमळणारी फिकट पिवळी एमिग्रंट फुलपाखरं एवढाच काय तो अपवाद, आणि तीही फुलासाठी नव्हे, पालवीवर अंडी घालण्यासाठी आलेली असतात.

रंगाचा हंगाम आणि पंखांचा हंगाम यांचं हे न जुळणं, हाच या छायाचित्रसंग्रहाचा विषय आहे. उष्ण कटिबंधातली फुलं आणि त्यांवरची फुलपाखरं म्हटलं की डोळ्यांसमोर कॅलेंडरवरचं चित्र उभं राहतं: लालभडक फूल, त्यावर पंख पसरून बसलेलं फुलपाखरू, मागे हिरवा धूसर पडदा. तशी चित्रं या पानांतही आहेत आणि ती काढताना मजा येते हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एकाच शहरात वर्षानुवर्षं हिंडल्यावर लक्षात येतं की फूल हे फुलपाखराचं उपाहारगृह आहे, ते तिथे राहत नाही. राहतं कुठे हे पाहायचं तर कॅमेरा फुलावरून खाली उतरवावा लागतो, पानाकडे, आणि बहुतेक वेळा ज्याला आपण तण म्हणून उपटतो त्या झाडोऱ्याकडे.

मराठी वाचकाला रायपूर बहुधा मुंबई–हावडा गाडीच्या खिडकीतून ठाऊक असतं. नागपूर सुटलं की गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग आणि मग रायपूर. नातं खरं तर याहून जुनं आहे. १८५४ पर्यंत हा नागपूरकर भोसल्यांचा मुलूख होता. बिंबाजी भोसले रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार पाहत. पुढे १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होतं त्याची राजधानी नागपूरच होती. तात्यापाऱ्यात, बूढापाऱ्यात मराठी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं आणि शहर चहूकडे फुगलं. निसर्गाच्या दृष्टीने पाहिलं तर हा भातशेतीचा सपाट प्रदेश. पावसाळ्याच्या चार महिन्यांत बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बाकी वर्ष कोरडं. सह्याद्रीत, आंबोलीसारख्या ठिकाणी, एका ओढ्याकाठी जी विविधता भेटते ती इथे शोधू नये. खरं जंगल पाहायचं तर शंभरेक किलोमीटरवर २४५ चौरस किलोमीटरचं बारनवापारा अभयारण्य आहे, आणि त्याहून दाट काही हवं असेल तर बस्तरमधल्या कांगेर खोऱ्याची वाट धरावी. या संग्रहासाठी मी शहराची वेस ओलांडलेली नाही. जंगलातल्या फुलपाखरांवर चांगली पुस्तकं आहेत. गल्लीतल्या फुलपाखराकडे मात्र कुणी फारसं बघत नाही.

गल्लीतली फुलं कुठली आहेत हे पाहायला गेलं की गंमत सुरू होते. गुलमोहर मादागास्करचा. बोगनवेल ब्राझीलची, १७६७ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी बूगनव्हिलच्या मोहिमेतला वनस्पतिज्ञ कॉमर्सन याने ती रिओच्या परिसरात गोळा केली. झेंडू, झिनिया, कॉसमॉस मेक्सिकोकडचे. पेंटास आफ्रिकेचा. देवळादेवळात फुलणारा चाफा मध्य अमेरिकेचा, आणि तो तर चक्क लबाड आहे: त्याच्या फुलात मध नसतो, नुसत्या वासावर तो रात्रीच्या पतंगांना फसवून आपलं काम करून घेतो. चाफ्यावर फुलपाखरू मिळेल म्हणून टपून बसणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. बोगनवेलीचा रंगही फुलाचा नव्हे, फुलाभोवतीच्या पानांचा. खरं फूल मधली बारीक नळी, जिच्याकडे आपलं लक्षही जात नाही. म्हणजे आपण ज्याला इथला रंगोत्सव म्हणतो तो बराचसा बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी मांडलेला आहे. आमची फुलपाखरं या पाहुण्यांकडे जेवतात, पण त्यांची पिल्लं यांतल्या बहुतेकांच्या पानांना तोंड लावत नाहीत.

घाणेरीपुढे मात्र थोडं थांबायला हवं, कारण फुलपाखरांचे फोटो काढायला शिकायचं तर तिच्याइतकी चांगली शाळा नाही. ही झुडपं १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली आणि आज देशभरच्या जंगलांना त्यांनी विळखा घातला आहे. रायपुरात रेल्वेच्या कडेला, पडीक प्लॉटवर, खारून नदीच्या काठावर, सगळीकडे तीच. तिचा एक तुरा लेन्समधून नीट पाहा. दोन-तीन डझन इवल्या फुलांचा हा गुच्छ बाहेरून आत उमलत जातो. कडेची फुलं आधी उमललेली, ती आता गुलाबी. मधली ताजी, ती पिवळी. प्रत्येक फूल पिवळं उमलतं आणि काही काळाने नारिंगी होत गुलाबी होतं. मध असतो पिवळ्यात. गुलाबी झालेल्या फुलाचं काम संपलेलं असतं, पण झाड ते लगेच गाळत नाही, कारण मोठा रंगीत तुरा लांबून दिसतो. लांबून बोलावण्याचं काम जुन्या फुलांचं, पोट भरण्याचं नव्या फुलांचं. मार्था वाइस या अमेरिकी संशोधिकेने १९९१ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की रंग बदलणारी अशी फुलं कितीतरी वनस्पतिकुळांत आहेत आणि कीटकांना हा इशारा नेमका कळतो.

कॅमेरेवाल्यासाठी याचा उपयोग सरळ आहे. फुलपाखराच्या मागे धावू नये. तुऱ्यातल्या पिवळ्या फुलांवर फोकस लावून बसावं. तुऱ्यावर उतरलेलं फुलपाखरू लिंबाळी असो वा हबशी, त्याची सोंड गुलाबी फुलांना वळसा घालून पिवळ्या नळीत उतरते. सोंडेला एका जागी कोन असतो, गुडघा दुमडावा तसा, आणि ती एका फुलातून काढून दुसऱ्यात घालताना क्षणभर हवेत थांबते. तोच क्षण पकडण्यासारखा. घाणेरीला शिव्या घालणारे वनाधिकारी बरोबर आहेत आणि तिच्यावर फुलपाखरांची जत्रा भरते म्हणणारे हौशी लोकही बरोबर आहेत. दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे मान्य करून मी तिचे फोटो घेत आलेय. तरी एक सांगते: घाणेरी मोहोळासारखी फुलपाखरं जमवते म्हणून ती कुंडीत लावायची काही गरज नाही. तेच काम पेंटास आणि इक्झोरा करतात आणि कुंपणाबाहेर पळत नाहीत.

आता जास्वंद. गणपतीला लागते म्हणून मराठी घरात ती असतेच, आणि कॅमेऱ्याला तिच्याइतकं कुणी छळत नाही. उन्हात काढलेला लाल जास्वंदीचा फोटो पाहा: पाकळीवरच्या शिरा, घड्या, तळाकडची गडद छटा, सगळं गडप होऊन एक सपाट लाल डाग उरतो. याचं कारण कॅमेऱ्याच्या पोटात आहे. सेन्सरवरच्या दर चार ठिपक्यांतले दोन हिरवा रंग टिपतात, एक लाल, एक निळा. जास्वंदीवर ऊन पडलं की लाल ठिपका काठोकाठ भरून सांडतो, हिरवा-निळा जवळजवळ रिकामे राहतात, आणि कॅमेरा सरासरी काढून म्हणतो, उजेड ठीक आहे. म्हणून लालभडक फुलासाठी कॅमेऱ्याचा शब्द प्रमाण मानू नये. लाल रंगाचा आलेख वेगळा उघडून पाहावा, उजेड एखाद्या पायरीने खाली आणावा, आणि जमल्यास ऊन ढगाआड जाईपर्यंत थांबावं. रायपुरात जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ दिवसचे दिवस पांढुरकं असतं. सावली नसलेला तो मऊ उजेड लाल फुलांसाठी वरदान आहे. याउलट ऊन इथे फार कडक. शहर साधारण सव्वाएकवीस अक्षांशावर असल्याने मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यावर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि फुलाच्या खालच्या अर्ध्या भागात नुसता काळोख साचतो. दहानंतर कॅमेरा पिशवीत ठेवलेला बरा.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. फुलांच्या प्रदर्शनांत बक्षीस मिळवणारी डबल पाकळ्यांची जास्वंद, गेंददार डेलिया, भरगच्च पेटुनिया यांच्यावर फुलपाखरू क्वचित बसतं. पाकळ्या वाढवण्याच्या नादात अनेकदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि मधापर्यंत जायची वाट बुजलेली असते. माणसाच्या डोळ्याला जे फूल जास्त फूल वाटतं ते फुलपाखराच्या लेखी बंद दुकान. बागेत साधी, एकेरी, काहीशी मागासलेली दिसणारी फुलं जिथे असतील तिथे उभं राहावं.

तंत्राबद्दल फार लिहीत नाही, कारण मोबाइलने ही कला पुष्कळ सोपी केली आहे आणि मोबाइलला हिणवणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्याच्या लहान सेन्सरमुळे फुलपाखराचे दोन्ही पंख एकदम स्पष्ट येतात, जे मोठ्या कॅमेऱ्याला जड जातं. शंभर मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने प्रत्यक्षाएवढी प्रतिमा घ्यायची, तर एफ-८ ला जेमतेम एक मिलिमीटर खोली स्पष्ट दिसते. डोळा स्पष्ट आला तर पंखाचं टोक गेलं. त्यावर उपाय एकच: पंख मिटून बसलेल्या फुलपाखराच्या अगदी समांतर, बाजूने यायचं, म्हणजे अख्खा पंख एका पातळीत सापडतो. पंख उघडलेलं फुलपाखरू हवं असेल तर डिसेंबर-जानेवारीची सकाळ साधावी. थंड रक्ताच्या या जीवाला उडण्यापूर्वी अंग तापवावं लागतं. रात्री पारा बारा-तेरावर उतरलेला असला की नऊच्या उन्हात ब्लू पॅन्सी पंख सपाट पसरून पाच-पाच मिनिटं हलत नाही. फक्त तुमची सावली तिच्यावर पडू देऊ नका. आवाजाने ती सहसा दचकत नाही, सावलीने लगेच उडते.

फुलपाखराला फूल कसं दिसत असेल हा प्रश्न मला नेहमी पडतो, आणि त्याचं उत्तर आपल्या छायाचित्रांना जरा नम्र करणारं आहे. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या. २०१६ मध्ये जपानमध्ये केंतारो आरिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कॉमन ब्लूबॉटल या फुलपाखराच्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे पंधरा प्रकार सापडले. आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही फुलपाखरांना दिसतात. मधमाश्यांना लाल रंग नीट कळत नाही, तोही बऱ्याच फुलपाखरांना कळतो. लाल जास्वंदीवर लिंबाळी झेपावते ती उगाच नाही. आपल्या कॅमेऱ्याची काच आणि सेन्सरवरचा पडदा अतिनील किरण अडवतात. तेव्हा ‘फुलपाखराच्या नजरेतून’ अशा मथळ्याखाली जी छायाचित्रं छापली जातात ती माणसाच्याच नजरेची असतात.

जूनच्या मध्यानंतर पाऊस स्थिरावला की शहराचा नकाशा पालटतो. जी भाठा जमीन, म्हणजे मुरमाड माळरान, उन्हाळ्यात भकास वाटते, ती पंधरवड्यात हिरवी होते. टाकळा उगवतो, ज्याची कोवळी पानं इथली माणसं चरोटा भाजी म्हणून बाजारातून घेऊन जातात. त्याच पानांवर पिवळी गवती फुलपाखरं अंडी घालतात. कोरांटीवर पॅन्सीच्या अळ्या दिसू लागतात. फुटपाथच्या फटीत घोळ पसरते. घोळीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिच्या पानांवर डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. याचा नर काळा, पंखांवर जांभळी झाक मारणारे पांढरे चंद्र. मादी हुबेहूब बिबळ्या कडवा या फुलपाखरासारखी केशरी, इतकी की फोटो मोठा करून पाहिल्याशिवाय ओळखू येऊ नये. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे फुलपाखरू अनेक वर्षं वाघाच्या पंगतीला बसलं होतं. आणि ज्या तणावर ते जगतं ते तण माळी दर आठवड्याला खुरप्याने काढून ढिगावर टाकत असतो. माळ्याला दोष नाही. त्याला स्वच्छतेचा पगार मिळतो.

बिबळ्या कडव्याची नक्कल का करायची, तर त्याच्या अळ्या रुईवर वाढतात आणि रुईच्या चिकातलं विष अंगात साठवतात. एकदा तोंड कडू झालेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. अशीच नक्कल लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या झाडावर वाढणाऱ्या कॉमन मॉर्मनची मादी करते. तिची तीन रूपं असतात: एक नरासारखं, एक कॉमन रोज या दुसऱ्या फुलपाखरासारखं, एक क्रिमझन रोजसारखं. एकाच आईच्या पोटी ही निरनिराळी रूपं कशी येतात याचा उलगडा कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये केला, हा सगळा खेळ ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकाभोवती चालतो. कुंटे मराठी वाचकांना ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’मुळे परिचयाचे आहेत. फोटोत खरं-खोटं ओळखायची खूण सोपी आहे. पंख पाहू नका, धड पाहा. रोज फुलपाखराचं धड लाल असतं, मॉर्मनचं काळं. नक्कल करणाऱ्याला पंखांवर लाल ठिपके उमटवता आले, अंग मात्र रंगवता आलं नाही. या संग्रहात दोघींचे फोटो समोरासमोरच्या पानांवर ठेवले आहेत ते एवढ्यासाठीच.

तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरांची अंगणं आठवा किंवा कुणाकडे अजून शिल्लक असतील तर जाऊन पाहा. पूजेला जास्वंद, तगर, कण्हेर, स्वयंपाकाला लिंबू, कढीपत्ता, खोकल्याला अडुळसा, दगडी कट्ट्याच्या फटीत कुणी न लावता आलेली पानफुटी. एकही झाड फुलपाखरांसाठी लावलेलं नव्हतं, आणि तरी लिंबाळी लिंबावर, मॉर्मन कढीपत्त्यावर, रेड पिएरो पानफुटीवर, हबशी कण्हेरीवर, असा सगळा संसार चालू असे. हबशीचा कोश हा मी काढलेला सर्वांत अवघड फोटो. कण्हेरीच्या पानाखाली तो चांदीच्या लोलकासारखा लटकतो. त्याला कुठलाही रंग लावलेला नाही. कवचात एकावर एक अतिशय पातळ थर असतात आणि त्यांवरून उजेड परावर्तित होतो. फोटो काढायला जवळ जावं तर त्याच्या फुगीर अंगावर समोरचं अंगण, आभाळाचा तुकडा आणि कॅमेरा धरलेली एक काळी आकृती उमटते. फ्लॅश मारला तर नुसता पांढरा ठिपका. शेवटी पांढरं सुती कापड दोन बाजूंनी धरून, त्याच्या फटीतून लेन्स काढून तो साधला. कापड धरायला शेजारची मुलं होती. फूल म्हणाल तर त्या फोटोत एकही नाही.

सदनिकांच्या शहरात अंगण गेलं तरी कुंडी राहिली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या कढीपत्त्यालाही मॉर्मन शोधून काढते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पुष्कळ जण ती पुसून टाकतात. तिला चार पानं खाऊ द्यावीत. कढीपत्ता परत फुटतो.

आणखी एक दृश्य, जे रंगाच्या शोधात निघालेल्याच्या वाटेत सहसा येत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे फुलपाखरांचा हंगाम ऐन भरात असताना, तळ्याच्या काठी भुरुंडीचं एखादं वाळकं रोप किंवा खुळखुळ्याची मोडलेली फांदी शोधावी. तिथे ब्लू टायगर, बिबळ्या कडवा आणि हबशी दाटीवाटीने लटकलेले दिसतात, जवळजवळ सगळे नर. या वनस्पतींत एक विशिष्ट अल्कलॉइड असतं. नर ते सोंडेने ओरबाडून घेतात आणि त्यापासून मादीला भुलवणारा गंध बनवतात. एवढी गुंगी असते की बोट लावलं तरी हलत नाहीत. रंगीत फुलपाखरांची मला मिळालेली सर्वांत चांगली छायाचित्रं अशा तपकिरी, मेलेल्या काडीवरची आहेत.

झाड आणि कीटक एकाच चौकटीत दाखवण्याची ही रीत माझी नाही. मारिया सिबिला मेरियन ही चित्रकार १६९९ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली. तब्येत खचल्याने १७०१ मध्ये परतली. १७०५ मध्ये ॲमस्टरडॅमला तिचा साठ चित्रपत्रांचा ग्रंथ निघाला. त्या काळात फुलपाखरं म्हणजे टाचणीला टोचून रांगेत मांडायची वस्तू. मेरियनने अंडं, अळी, कोश आणि पंख हे सगळं त्याच्या झाडावर, कुरतडलेल्या पानांसकट रंगवलं. तिच्या एका चित्रात शंकासुर आहे, अळी आणि पतंगासह. सोबत तिने लिहून ठेवलं की मळ्यांवरच्या गुलाम स्त्रिया त्याच्या बिया गर्भपातासाठी वापरतात, आपली मुलं गुलामीत जन्माला येऊ नयेत म्हणून. फुलाचं एवढं सुंदर चित्र आणि त्याखाली हे वाक्य, असं धाडस फुलांच्या पुस्तकांत नंतर फारसं कुणी केलेलं नाही. तोच शंकासुर आज रायपूरच्या रस्तादुभाजकांवर लाल-पिवळा फुललेला असतो. त्याचे केसर बोटभर बाहेर आलेले असतात आणि मध प्यायला आलेल्या मोठ्या फुलपाखराचे फडफडते पंख त्यांना घासतात. मेक्सिकोत केलेल्या अभ्यासात त्याचे परागकण फुलपाखरांच्या पंखांवरूनच जातात असं दिसलं. इथल्या लिंबाळीच्या पंखाखाली ती पिवळी भुकटी मला लेन्समधून दिसली आहे. हजारो मैलांवरच्या झाडाला इथे आल्यावर तसंच काम करणारं कुणी तरी मिळालं.

धुराबद्दल सांगायचं राहिलं. शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा इथे स्पंज आयर्न आणि पोलादाचे कारखाने आहेत; गच्चीवर सकाळी अनवाणी चाललं की तळवे काळे होतात हे रायपूरकराला सांगायला नको. मॅक्रो लेन्समध्ये ही काजळी फार स्पष्ट दिसते. इक्झोराच्या पाकळीवर, कढीपत्त्याच्या पानावर, कोळिष्टकावर काळे कण. फुलपाखराच्या पंखांवर मात्र ती टिकत नाही, खवल्यांच्या बारीक कौलांवरून पाण्याबरोबर घरंगळून जाते. संगणकावर हे कण दोन मिनिटांत पुसता येतात. मी ते पुसलेले नाहीत. छपाईतला दोष समजून कुणी पुस्तक परत करू नये.

पुसण्यावरून आठवलं. फुलपाखरू काही वेळ फ्रिजमध्ये ठेवून, बधिर झाल्यावर फुलावर मांडून काढलेले फोटो स्पर्धांत बक्षिसं मिळवतात. ओळखायला कठीण नसतात: पायांची पकड सैल, सोंड गुंडाळलेली, आणि ज्या फुलावर त्याने कधी पाऊल ठेवलं नसतं अशा फुलावर आसन. त्यावरचे पाण्याचे थेंबही बहुधा बाटलीतले. या संग्रहात असा एकही फोटो नाही. पंख फाटलेली, रंग विटलेली, पक्ष्याने चोच मारून तुकडा नेलेली फुलपाखरं मात्र बरीच आहेत, कारण ऑक्टोबर संपत आला की रायपुरात तशीच जास्त भेटतात.

छायाचित्रांची मांडणी जातींनुसार न करता महिन्यांनुसार केली आहे, आणि सुरुवात जूनपासून. मे महिना सर्वांत शेवटी येतो, नुसत्या फुलांचा. प्रत्येक फोटोखाली फुलपाखराच्या आधी झाडाचं नाव दिलं आहे. ज्या जातींची मराठी नावं माझ्या परिचयातल्या लोकांच्या तोंडी आहेत तिथे ती वापरली, बाकीच्यांची प्रचलित इंग्रजी नावं तशीच ठेवली. अळ्यांचे फोटो वेगळ्या भागात काढावेत असं दोन-तीन स्नेह्यांनी सुचवलं होतं, म्हणजे ज्यांना अळ्यांची किळस येते त्यांना ती पानं ओलांडून जाता येतील. ते ऐकलं नाही. अळ्या ज्या महिन्यात सापडल्या त्या महिन्यात, आपापल्या पानावर आहेत.